तीस उन्हाळ्यांचा पांढरा

"अहो दादा, जरा ऐकता का?"

मी ऐकलं, पण वळले नाही. एक तर मी कोणाची दादा नव्हते. आणि दुसरं म्हणजे, त्या वेळी माझं नाक एका होडीच्या पोटाला टेकलेलं होतं. नवा थर नीट वाळला की नाही हे मी आधी वासावरून ठरवते, मग बोटाने. अण्णा म्हणतात, ही लक्षणं काही बरी नाहीत, अशा मुलीला कोण करून घेणार! अण्णा म्हणजे माझे वडील. होड्या दुरुस्त करायची ही शेड त्यांची. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हापासून रंग जुळवायचं काम माझ्याकडे आलं.

"दादा... फार तातडीचं आहे हो."

मी मास्क खाली ओढला, डोक्याचं फडकं सोडलं आणि वळले. तो माणूस दचकून एक पाऊल मागे सरकला आणि डब्यांच्या चळतीवर आदळता आदळता वाचला. उंच, सडपातळ, नाकावर बिनफ्रेमचा चष्मा. कपाळावर ताजी पट्टी.

"अरे... माफ करा. ताई—"

"ताईसुद्धा नको. काम काय ते बोला."

तो हसेल असं मला वाटलं होतं. नाही हसला. नुसतं दाराबाहेर बोट दाखवलं. बाहेर ट्रेलरवर एक होडी होती. अठरा फुटी, फायबरची, जुन्या घाटणीची, पांढरी. उजव्या अंगाला, आत बसून हात खाली सोडला तर पोचेल अशा जागी, माझ्या दोन तळहातांएवढी खोक. आतले काचेचे धागे विस्कटून बाहेर आलेले.

"कशावर ठोकलीत?"

"धक्क्याच्या पायरीवर."

"एवढी मोठी दगडी पायरी दिसली नाही?"

"नाही."

"काय करता तुम्ही?"

तो घुटमळला. "चष्मे... चष्मे करतो. चौकात दुकान आहे."

आतून अण्णांचा खोकला ऐकू आला. तो खोकला नव्हता. हसू दाबायचं असलं की अण्णा असेच खोकतात.

मीही काहीतरी टाकून बोलणार होते, पण त्याचा चेहरा पाहिला आणि गप्प बसले. होडी त्याच्या बाबांची होती. बाबा जाऊन अकरा महिने झाले होते. आई तेव्हापासून त्याच्या बहिणीकडे, लांबच्या शहरात राहत होती.

"जाताना बाबा आईला सांगून गेले," तो म्हणाला. "होडी एवढ्यात पोराच्या हाती देऊ नकोस, तो घाईचा आहे. तिसऱ्या शनिवारी आई येतेय. रविवारी होडी बघणार, एक फेरी मारणार आणि मग ठरवणार. माझ्याकडे ठेवायची की विकायची. एकजण बघूनही गेलाय."

"आणि तुम्ही त्याआधीच बाहेर काढलीत."

"हो. एकदा एकट्याने चालवून बघावी म्हटलं. घाई केली."

मी खोकेच्या कडांवरून बोट फिरवत राहिले.

"होडी विकली गेली तर?"

"तर इथे काय ठेवलंय? दुकान आवरायचं, आई आणि ताई आहेत तिकडे जायचं." मग जरा थांबून, "आईला कळता कामा नये हो."

"दिसणार नाही, ते माझ्याकडे लागलं," मी म्हटलं. "कळायचं-न कळायचं ते तुमचं तुम्ही बघा."

*

फायबरच्या होडीला रंग मारलेला नसतो. तिच्या अंगावर जेलकोटचा थर असतो आणि रंग त्या थरातच मुरलेला असतो. खोक भरणं कठीण नाही. काचेच्या धाग्यांची चटई आणि चिकट रेझिन यांचे थर द्यायचे, घासायचं, सपाट करायचं. ते कोणीही शिकेल. खरी कसोटी वरच्या पांढऱ्याची. तो चुकला की होडी जन्मभर ठिगळ लावून फिरते.

खोकेच्या कडा घासताना मला एक गोष्ट दिसली. त्या पांढऱ्याखाली आणखी एक पांढरा होता. म्हणजे ही जागा आधीही कोणीतरी भरली होती. हात चांगला होता. घासल्याशिवाय मलासुद्धा पत्ता लागला नाही.

"अण्णा, ही होडी आधी कोणाकडे आली होती हो?"

"असेल कोणाकडेतरी," अण्णा म्हणाले आणि त्यांना एकदम चहाची आठवण झाली. मी कामात होते. सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी चष्मेवाला सकाळी नऊला हजर झाला. मीच बोलावलं होतं. रंग बघायचा तो सकाळी नऊ ते साडेदहा, शेडच्या उत्तरेकडच्या दारात. तिथे ऊन थेट येत नाही, नुसता उजेड येतो. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उजेडात आणला की अनोळखी वाटतो.

मी होडीवरची दोर बांधायची खुंटी स्क्रू काढून उचलली. खाली तळहाताएवढा चौकोन होता. शुभ्र, किंचित निळसर झाक असलेला.

"हाच!" तो एकदम वाकला. "हाच रंग होता, मी लहान असताना..." त्याने चौकोनावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. "बाबा रविवारी मला खांद्यावर घेऊन न्यायचे. लांबूनच दिसायची. हाच करा ना!"

"करते. मग उरलेल्या होडीचं काय करू?"

त्याने बोट उचललं.

"हा तिचा जन्माचा रंग," मी समजावलं. "आता ती या रंगाची राहिली नाही. तीस उन्हाळे खाल्लेत तिने. पांढऱ्यात पिवळा आलाय, थोडा राखाडी, आणि कुठेतरी अगदी कणभर तांबूस. मला तो जुळवायचाय. तो डब्यात मिळत नाही."

"ऊन कसं मिसळतात?"

असलं मला कधी कोणी विचारलं नव्हतं. "हळूहळू," मी म्हटलं आणि उगीचच लाजले. लाजायचं काय होतं त्यात, देव जाणे.

मी पांढरा बेस घेतला. त्यात पिवळ्याचा थेंब. काळा तर दात कोरायच्या काडीच्या टोकावर राहील एवढाच. ढवळून, रंग घट्ट करणारा हार्डनर घालून, प्लास्टिकच्या तुकड्यावर नखाएवढी टिकली पसरली. ओली टिकली बघून भुलायचं नसतं. ती वाळल्यावर होडीच्या अंगाला चिकटवून दोन पावलं मागे जायचं. दिसली तर चूक.

पहिली दिसली. दुसरीही दिसली. तिसरी इतकी दिसली की तोच म्हणाला, "ही तर मलासुद्धा कळतेय."

"तुम्हाला पायरी दिसत नाही, टिकली बरी दिसते!"

आता मात्र तो हसला. हसताना त्याचा चष्मा थोडा वर उचलला जातो आणि डोळ्यांखाली दोन बारीक ओळी उमटतात. मी पुन्हा बघितलं नाही, कारण पहिल्यांदाच नीट बघून घेतलं होतं.

मग तो रोज यायला लागला. दुकान साडेदहाला उघडायचं, तोवर माझ्याकडे. मी दोन टिकल्या होडीला लावायचे आणि तो हात मागे बांधून, दुकानातल्या आवाजात विचारायचा, "सांगा बरं... पहिली काच बरी, की दुसरी?"

"दुसरी."

"नक्की? घाई नाही. परत दाखवतो. पहिली... की दुसरी?"

"दोन्ही धूसर. डॉक्टरच बदलावा म्हणते!"

असं चालायचं. अण्णा आतून खोकायचे.

पण मधेच त्याला बाबा आठवायचे. बाबा शेवटचे दोन महिने खिडकीशी पडून असायचे, त्यांना तिथून पाणी दिसायचं, हे त्याने पाचव्या टिकलीला सांगितलं. सहाव्या टिकलीला सांगितलं की बाबांनी त्याला इंजिनाला हात म्हणून लावू दिला नाही. बत्तीस वर्षांचा झाला तरी, "तू बस, मी करतो."

"मला राग यायचा," तो म्हणाला. "आता वाटतं, एकदा त्यांच्यासमोर नीट धक्क्याला लावून दाखवायला हवी होती. तेवढंच राहिलं."

मी काडीने रंग ढवळत होते. मी सात वर्षांची असताना माझी आई गेली, पण ते त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं, सातव्या टिकलीला. त्याने माझ्या हातातली काडी घेतली आणि माझा रंग ढवळत बसला. उलट्या दिशेने ढवळत होता, बुडबुडे येत होते. पण मी त्याला थांबवलं नाही.

खरं सांगते. तोवर माझ्या कामाची मला मोठी ऐट होती. रंग जमला की मी कुठे हात लावला ते कोणाला दिसत नाही, मी त्यात नसतेच. यातच माझा अभिमान. पण त्या आठवड्यात मला ते नकोसं वाटायला लागलं. हा माणूस त्या होडीकडे बघेल, त्याला काहीच दिसणार नाही, तो आभार मानून जाईल. मला त्याला दिसायचं होतं. आणि त्याने इथे राहायला हवं असेल, तर होडी राहायला हवी. होडी राहायला हवी, तर माझा हात दिसता कामा नये. असा सगळा घोळ!

नापास टिकल्या मी एका डब्यात टाकायचे. डबा कधी भरत नव्हता. मला वाटलं, अण्णा फेकत असतील.

अकरावी टिकली मी होडीला लावली आणि दोन पावलं मागे आले. तोही आला. आम्ही दोघं शोधत राहिलो.

"कुठे लावलीत?" तो हळूच म्हणाला.

मला घळाघळा रडू आलं. दमल्यामुळे, दुसरं काही नाही. म्हणजे त्याला मी तसं सांगितलं.

*

जेलकोट चढवला त्या दुपारी होडी बाहेर अंगणात होती. वाऱ्याचा, पावसाचा काही संबंध नव्हता. दिवस पावसाचे नव्हतेच. शेवटचा हात फिरवला आणि मानेवर थेंब पडला.

ओल्या थरावर पाणी म्हणजे सगळं मातीत. तो नेमका दुकानाची जेवणाची सुट्टी म्हणून आला होता. मी ताडपत्री ओढली, एक टोक त्याच्याकडे फेकलं.

"धर! वर धर! सोडू नकोस, सोडलीस तर बघ!"

ताडपत्री थराला टेकू द्यायची नव्हती, म्हणून दोघांनी हात उंच करून ती होडीवर छपरासारखी धरली. त्याच्या चष्म्यावर पाणी. माझ्या कोपरातून धारा. हात भरून आले.

"किती वेळ?" त्याने विचारलं.

"चाळीस मिनिटं."

"बरं."

"दुकान?"

"राहू दे."

पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. मग तो म्हणाला, "तू मला अरे-तुरे केलंस मघाशी."

"घाईत झालं हो."

"आता परत अहो नको ना करू... हात दुखताहेत, वर हे कशाला?"

चष्मा ओला होता म्हणून त्याला माझा चेहरा दिसत नव्हता. बरं झालं. मी त्याच्याकडे अगदी मनमोकळं बघून घेतलं. तीस पांढरे मी ओळखते, पण त्याच्या डोळ्यांचा रंग मला तेव्हा नीट सांगता आला नाही.

थर वाचला.

पुढचे तीन दिवस मी घासत होते. पाणी, पॉलिश पेपर. आधी खरखरीत, मग बारीक, मग अगदी मऊ. आणि तेव्हाच मला तो टवका दिसला. भरलेल्या जागेच्या चार बोटं वर, काठाजवळ. तांदळाच्या दाण्याएवढा, जुना, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. आमच्या शेडचा एक नियम आहे आणि तो अण्णांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलाय: गिऱ्हाईक दाखवेल तेवढंच भरायचं. बाकीच्या जुन्या खुणा विचारल्याशिवाय शिवायच्या नाहीत.

मी विचारलं नाही. वाटीत अकराव्या रंगाचा थोडा जेलकोट उरला होता. मनात म्हटलं, एवढं तरी आपल्याकडून, न सांगता. काडीच्या टोकाने भरला, घासला, चमकवला. फार सुखात होते हो मी ते करताना.

शनिवारी सकाळी तो बघायला आला. होडीच्या अंगावरून तळवा फिरवत गेला, परत आला.

"नाहीच सापडत," तो म्हणाला. आनंद व्हायला हवा होता. आवाजात नव्हता. "संध्याकाळी आई येतेय. मी तिच्याशी कधी खोटं बोललो नाही गं."

"मग नको बोलूस."

"आणि तिने विकली तर?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. विकली तर मला फार वाईट वाटेल, होडीसाठी नव्हे. पण ते जिभेवर येऊन थांबलं. मी फडकं पिळत बसले. तो साडेदहापर्यंत उभा राहिला... आणि गेला.

*

रविवारी आम्ही होडी धक्क्यावर नेली आणि पाण्यात उतरवली. अण्णाही आले, सहसा येत नाहीत.

त्याची आई ठेंगणी, सावळी, अंगावर साधी सुती साडी, चालण्यात काटकपणा. तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, अण्णांना हात जोडले आणि होडीपाशी गेली. दोन्ही हात काठावर ठेवून उभी राहिली. मग मुलाचा हात न धरता आत उतरली आणि उजव्या अंगाच्या फळीवर बसली. बसता बसता तिचा हात काठावरून खाली गेला, न बघता, सवयीने. अंगठा एका जागी टेकला.

आणि तिथून हलायला लागला. पुढे, मागे, वर, खाली.

"इथे होता," ती म्हणाली.

"काय आई?"

"टवका. माझा टवका."

मी एक पाऊल मागे सरकले.

"होडी आली त्या दिवसाचा तो," ती कोणाकडेच न बघता सांगत होती. "हा कडेवर होता. यांना मदत करायची म्हणून एका हाताने होडी धक्क्याला ओढायची आकड्याची काठी घेतली आणि पायरीला लावायची ती होडीलाच मारली. कोरी करकरीत होडी! मी रडायला लागले. हे म्हणाले, राहू दे, आता ही जागा तुझी. माझा अंगठा धरून त्यावर ठेवला. तेव्हापासून इथेच बसते मी." अंगठा अजून शोधत होता. "सगळं घर आवरलं. त्यांचे कपडे दिले, चपला दिल्या. म्हटलं, असू दे, तो टवका तरी आहे."

ती रडली नाही. रडली असती तर मला सोसलं असतं.

"मी भरला," मी म्हटलं. "कोणी सांगितलं नव्हतं. मी न विचारता भरला. चूक माझी आहे."

"नाही, माझी," तो माझ्या बोलण्यावरच बोलला. "मी होडी ठोकली, आई. पायरीवर. एकटा घेऊन गेलो होतो. हिने भरून दिली. तुझ्यापासून लपवायचं, असं मी सांगितलं होतं."

आईने विचारलं, "कुठे ठोकलीस? दाखव."

तो वाकला. बघितलं. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा बघितलं. त्याला सापडेना! शेवटी मी जाऊन बोट ठेवलं.

"इथे?" आई म्हणाली, आणि तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "तुझे बाबा पण इथेच ठोकायचे. याच पायरीवर. दोनदा."

अण्णांना जोराचा खोकला आला.

मी वळले. "अण्णा! तो खालचा पांढरा तुमचा?"

"त्यांनी मला शपथ घातली होती," अण्णा पाण्याकडे बघत म्हणाले. "बाईंना कळता कामा नये म्हणून."

"रंग उत्तम होता हो तुमचा," आई म्हणाली. "मला काही दिसलं नव्हतं. पण दोन्ही वेळा नवरा चार दिवस डोळ्याला डोळा देईना. न कळायला काय झालं? विचारलं की जागेसकट सांगून टाकायचे. आणि हा कालपासून नुसता ताटात बघून जेवतोय. अगदी तस्सा."

तो खाली मान घालून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. बाबा ठोकायचे हे ऐकून तो हसत होता की रडत होता, कळेना. बहुतेक दोन्ही.

"घाईचे तेच होते," आई हळू म्हणाली. "म्हणून तुला म्हणायचे. भीती वाटायची त्यांना, तुझं काही होईल म्हणून. कपाळ दाखव इकडे... लागलं होतं ना? ते नाही सांगितलंस मला." तिने त्याच्या कपाळावरच्या खुणेवरून हात फिरवला. "होडी ठेव तू. यापुढे ठोकलीस तर त्याच दिवशी फोन करायचा. कळलं?"

त्याने मान हलवली.

मग ती माझ्याकडे वळली. "अण्णांनी दोन वेळा होडी दुरुस्त केली. तो टवका दोन्ही वेळा तसाच सोडला. तू कसा भरलास? सगळ्यांच्या होड्यांना असंच करतेस, न विचारता?"

"नाही." मी म्हटलं. "पहिल्यांदाच."

"असं," आई म्हणाली. मग, "काल याची चष्म्याची डबी उघडली मी, माझा चष्मा पुसायचं फडकं हवं होतं. आत टिकल्या. पांढऱ्या, दहा. विचारलं तर म्हणतो, दुकानाचं सामान. चष्म्याच्या दुकानात पांढऱ्या टिकल्या कशाला लागतात रे?"

त्याचे कान लाल झाले. मी डब्यात टाकलेल्या टिकल्या! म्हणजे अण्णा नव्हेत.

"त्या तर चुकलेल्या होत्या..." मी म्हटलं.

"माहीत आहे." त्याने आता माझ्याकडे बघितलं. आईसमोर, अण्णांसमोर, भर सकाळी. "एकेक चुकली की मला आणखी एक सकाळ मिळायची. अकरावी जमली तेव्हा तुझ्याएवढंच रडू मला आलं होतं." मग त्याने हात मागे बांधले. दुकानातला आवाज काढायचा प्रयत्न केला. "सांग बरं. पहिली काच... मी इथेच राहतो आणि रोज सकाळी नऊला शेडवर येतो. जन्मभर. दुसरी काच... तू नको म्हणतेस, मी येत नाही. घाई नाही. परत दाखव—"

"पहिली!"

"घाईची ही पण आहे," आई अण्णांना म्हणाली. अण्णा या वेळी खोकले नाहीत. डोळे पुसत होते आणि मोतीबिंदूवर ढकलत होते.

आईने फळीखालून आकड्याची काठी ओढून काढली. मला वाटलं, फेरीला निघायचं म्हणून. तिने ती माझ्या हातात दिली आणि स्वतः मधल्या फळीवर सरकून बसली.

"मार," ती म्हणाली.

"काय?"

"तो टवका आता यायचा नाही. तो माझा होता, गेला. मी इथून पुढे पाहुणी म्हणून येईन, मधे बसेन. उजवीकडे तू बसायचंस. मार."

एकोणीस दिवस खपून जुळवलेला रंग होता तो! मी अण्णांकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. कोणी मदतीला येईना. मी काठी उचलली आणि मारली. काही झालं नाही. थर चांगला वाळला होता, माझाच. दुसऱ्यांदा डोळे मिटून मारली तेव्हा टक्कन आवाज आला आणि दाण्याएवढा पांढरा कपचा उडून फळीवर पडला.

आईने माझा अंगठा धरला आणि त्या जागेवर ठेवला. कडा अजून टोचत होत्या. तिचा हात माझ्या हातावर तसाच राहिला, आणि तेव्हा ती रडली.

त्याने वाकून तो कपचा उचलला, उजेडात धरून बघितला आणि खिशातून चष्म्याची डबी काढली.

"अकरावी," तो म्हणाला, आत ठेवली, आणि इंजिनापाशी जाऊन बसला.